घाटावरचा शंखवासी

नाशिकहून समुद्र गाठायचा तर डहाणूचा किनारा जवळ पडतो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड अशी वळणे घेत गाडी घाट उतरते आणि काही तासांत सुरूच्या झाडांमागे पाणी दिसू लागते. सुट्टी संपवून परतणाऱ्या गाड्यांमध्ये मग बऱ्याचदा एक प्लास्टिकची बाटली असते. तिच्यात समुद्राचे पाणी, तळाशी मूठभर वाळू आणि त्या वाळूवर चालणारे दोन-तीन शंख. शंख चालतो, हात लावला की अंग आत ओढून घेतो, थोड्या वेळाने दोन डोळे बाहेर काढून अंदाज घेतो. एवढे पाहिल्यावर तो घरी न्यावा असे कोणत्याही मुलाला वाटणारच. बाटली नाशिकला पोहोचते, खिडकीत ठेवली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटतो आणि शंख चालायचे थांबतात.

तो शंख ज्या समुद्री गोगलगायीने बांधला ती केव्हाच मेलेली असते. आत राहायला आलेला भाडेकरू वेगळाच असतो. खेकडे, कोळंबी आणि शेवंड ज्या दशपाद गटात मोडतात त्याच गटातला हा प्राणी आहे, मात्र खऱ्या खेकड्यांपेक्षा वेगळ्या शाखेचा. जगभरात त्याच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्याच्या अंगाच्या पुढच्या भागावर टणक कवच असते. मागचा पोटाचा भाग मात्र मऊ, उघडा आणि उजवीकडे पीळ पडलेला असतो. बहुतेक शंखांचा पीळही उजवाच, त्यामुळे हे पोट त्यात नेमके बसते. शेपटीकडचे छोटे आकडे शंखाच्या मधल्या खांबाला घट्ट धरून ठेवतात. त्याला बाहेर ओढू पाहिले तर तो तुटेल, पण शंख सोडणार नाही.

इंग्रजीत त्याला हर्मिट क्रॅब म्हणतात, म्हणजे एकांतात राहणारा संन्यासी. मराठीत कोणी संन्यासी खेकडा म्हणतात, कोणी शंखवासी. दुसरे नाव अधिक नेमके आहे. जमिनीवर राहणाऱ्या शंखवासींच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी सीनोबिटा हे नाव दिले आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो मठात इतरांबरोबर राहणारा साधू. नाशिककरांना हा फरक समजावून सांगायला नको. गुहेत एकटा बसणारा तपस्वी वेगळा आणि सिंहस्थात आखाड्याबरोबर येणारा साधू वेगळा. जमिनीवरचा शंखवासी आखाड्यातला आहे. तो कळपाने फिरतो, कळपाने खातो आणि घरसुद्धा कळपातच बदलतो.

बाटलीतला आणि पेटीतला

पाळण्याचा विचार करण्याआधी शंखवासींचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत दिसतात ते समुद्री शंखवासी. क्लिबानेरियस आणि डायोजेनिस या प्रजाती त्यांतल्या नेहमीच्या. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेला ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम गिरगाव, जुहू, हाजी अलीसारख्या किनाऱ्यांवर लोकांना ओहोटीच्या वेळी फिरवून हे जीव जागच्या जागी दाखवतो. हे प्राणी भरती-ओहोटीच्या पाण्यावर जगतात. बाटलीतल्या लिटरभर पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो, त्यांच्याच विष्ठेतला अमोनिया साठत जातो आणि ते गुदमरतात. त्यांना घरी ठेवायचे तर खाऱ्या पाण्याचे, गाळणयंत्र लावलेले, महिनाभर आधी मुरवलेले मत्स्यालय लागते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पाळीव प्राणी म्हणून जगभर विकले जातात ते दुसरे, सीनोबिटा प्रजातीचे. त्यांच्या १६-१७ जाती आहेत. अमेरिकेतल्या समुद्रकिनाऱ्यांवरच्या दुकानांतून कॅरिबियन बेटांवरची जात तारेच्या पिंजऱ्यात, रंगवलेल्या शंखात विकण्याची पद्धत रुजली आणि तिथून हा छंद पसरला. भारतात या प्रजातीच्या काही जाती अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर आढळतात. त्यांचाच भाऊबंद म्हणजे नारळ खेकडा. तो मोठा झाल्यावर शंख सोडून देतो आणि त्याचे वजन चार किलोपर्यंत जाते. जमिनीवर राहणारा हा जगातला सर्वांत मोठा संधिपाद प्राणी अंदमान-निकोबारच्या काही बेटांवर उरला आहे आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

जमिनीवरचा शंखवासी पाण्यात बुडवून ठेवला तर मरतो. कोरड्या हवेत ठेवला तरी मरतो, फक्त सावकाश. त्याला पाळण्यातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

नाशिकची हवा

या प्राण्याने समुद्र सोडला, पण कल्ले सोडले नाहीत. फुप्फुसे नसल्यामुळे हवेतला प्राणवायू तो ओलसर कल्ल्यांमधूनच घेतो. कल्ले ओले राहावेत म्हणून शंखात थोडे पाणी भरून ते सोबत वाहून नेतो. भोवतालच्या हवेत ७५ ते ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर हे नीट चालते. ती ७० टक्क्यांच्या खाली राहिली की कल्ले सुकू लागतात आणि प्राणी काही आठवड्यांत मंदावत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला तो ‘शांत झाला’ असे वाटते. प्रत्यक्षात तो गुदमरत असतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या आडोशाला आहे. पावसाळ्यात इथली हवा शंखवासीला मानवेल अशी असते. मार्च-एप्रिलच्या दुपारी मात्र आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली घसरते. हिवाळ्यात शहराचा पारा १० अंशांखाली जाणे नित्याचे आहे आणि जवळच्या निफाडमध्ये डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो २ अंशांच्याही खाली गेला होता. शंखवासीला हवे २४ ते २९ अंश, बारा महिने. म्हणजे ज्या थंडीत नाशिकची द्राक्षे भरतात, त्या थंडीत हा उष्ण कटिबंधातला प्राणी गारठून मरू शकतो.

त्यामुळे तारेचा पिंजरा, प्लास्टिकचा छोटा डबा, झाकण नसलेली काचेची बरणी हे सगळे बाद. लागते ती काचेची पेटी आणि तिच्यावर घट्ट बसणारे काचेचे किंवा अॅक्रिलिकचे झाकण. हवा खेळायला झाकणाला बारीकशी फट पुरते. दोन लहान शंखवासींसाठी किमान ४० लिटरची पेटी घ्यावी. ८० लिटरची मिळाली तर अधिक चांगले. आत आर्द्रता आणि तापमान दाखवणारा छोटा डिजिटल मापक लावायचा. सुरुवातीच्या खर्चात एकच वस्तू चांगल्या प्रतीची घ्यायची असेल तर ती हीच. हाताला दमट लागले म्हणजे हवा दमट आहे, हा अंदाज नेहमी चुकतो.

तळाला वाळू आणि कोकोपीट यांचे पाचास एक असे मिश्रण घालतात. कोकोपीटची नाशिकमध्ये वाण नाही. रोपवाटिकांमध्ये त्याच्या विटा सहज मिळतात, फक्त खत मिसळलेली घेऊ नये आणि वापरण्याआधी दोन-तीनदा पाण्यातून काढावी. वाळू नैसर्गिक, गोल कणांची, स्वच्छ धुतलेली हवी. दगड फोडून केलेली बांधकामाची कृत्रिम वाळू टोकदार असते आणि मऊ पोटाला ती बोचते. ओलावा किती? मूठ दाबल्यावर मिश्रणाचा लाडू वळावा, पण पाणी ठिबकू नये. थराची खोली किमान १५ सेंटिमीटर आणि प्राणी मोठा असेल तर त्याच्या शंखासकट उंचीच्या तिप्पट. इतकी खोली कशाला, हे पुढे येईल.

थंडीत उबेसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरता मिळणारी हीट मॅट वापरावी. ती पेटीखाली ठेवायची नाही. खालून तापलेली वाळू आत पुरलेल्या प्राण्याला भाजते. मॅट मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवतात आणि तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट जोडतात. बल्ब लावला तर ऊब मिळते, पण हवा सुकते. उन्हाळ्यात उलट काळजी: पेटी बाल्कनीत किंवा खिडकीच्या उन्हात राहिली तर बंद काचेच्या आत तापमान अर्ध्या तासात जीवघेणे होते.

दोन वाट्या पाणी

पेटीत पाण्याच्या दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या. शंखवासी दोन्हींतले पाणी शंखात भरतो आणि अंगातल्या क्षारांचे प्रमाण स्वतः जुळवतो. माणसाने दोन्ही पर्याय ठेवायचे, हिशेब त्याचा तो करतो. वाट्या इतक्या खोल असाव्यात की त्याला आत उतरून शंख भरता येईल आणि बाहेर चढून येण्यासाठी त्यात गुळगुळीत गोटे किंवा जाळीचा तुकडा असावा.

खारे पाणी म्हणजे स्वयंपाकाचे मीठ घातलेले पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियमखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असे अनेक क्षार असतात. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे मरीन सॉल्ट लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवले की समुद्राच्या जवळपास जाणारे पाणी तयार होते. टेबल सॉल्टमधले आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली रसायने त्याच्या कामाची नाहीत.

नाशिक शहराला गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून मिळते. माणसाला ते सुरक्षित असते, पण शंखवासीच्या कल्ल्यांना क्लोरीन झोंबतो. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. माशांसाठी मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब वापरणे अधिक खात्रीचे.

आणि ते भांडे तांब्याचे नसावे. तांबट आळीच्या या शहरात घरोघरी तांब्याचे हंडे-कळशा आहेत आणि रात्रभर तांब्यात ठेवलेले पाणी पिण्याची सवयही आहे. कवचधारी प्राण्यांचे तांब्याशी विचित्र नाते आहे. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोह करते, तसे यांच्या रक्तात ते तांबे करते आणि त्यामुळे त्यांच्या रक्ताला निळसर झाक असते. पण बाहेरून पाण्यात आलेले थोडेसे तांबेही त्यांना विषासारखे बाधते. म्हणून पाणी काचेच्या, चिनी मातीच्या किंवा खाण्यायोग्य प्लास्टिकच्या भांड्यात ठेवावे.

जवळा, खोबरे आणि द्राक्षे

खाण्याच्या बाबतीत शंखवासी चोखंदळ नाही. किनाऱ्यावर वाहून आलेले काहीही तो खातो: पडलेली फळे, सडका पाला, मेलेले मासे, समुद्रशैवाल. घरी त्याच्यासाठी वेगळे डबाबंद खाद्य आणण्याची गरज नाही. मीठ न लावलेला सुका जवळा किंवा सोडे, ओले खोबरे, पिकलेली पपई, केळे, आंबा, उकडलेले अंडे टरफलासकट कुटून, मीठ न लावलेले शेंगदाणे हे सगळे चालते. रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळलेली पाने धुऊन पेटीत टाकली तर तो ती चघळतो आणि त्यांखाली लपतोही. कवचासाठी लागणारे कॅल्शियम समुद्रफेसातून मिळते. माकुलाच्या पाठीतले हे पांढरे, हलके कवच पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात टांगलेले असते. खाणे रात्री ठेवायचे, कारण तो निशाचर आहे, आणि सकाळी उरलेले काढून टाकायचे.

नाशिकमध्ये द्राक्षाचा मोह होणे साहजिक आहे. इथे थांबून विचार करावा. द्राक्षवेलींवरच्या केवडा रोगासाठी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या द्राक्षबागांतून १८८० च्या दशकात निघालेले हे औषध आजही वापरात आहे आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. शिवाय कीटक आणि खेकडे दोघेही संधिपाद असल्यामुळे कीटकांना मारणारी औषधे कवचधाऱ्यांनाही मारतात. द्राक्ष द्यायचेच तर नीट धुऊन, साल काढून, बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यावा.

हेच कारण घरातल्या डास मारायच्या फवाऱ्यालाही लागू पडते. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गाची रसायने शंखवासीला अतिशय घातक असतात. पेटी आहे त्या खोलीत फवारा मारू नये, डास पळवणारे यंत्र लावू नये आणि पेस्ट कंट्रोल करून घेण्याआधी पेटी दुसरीकडे हलवावी.

घर बदलण्याची रांग

शंखवासी वाढतो, शंख वाढत नाही. म्हणून त्याला आयुष्यभर थोडे थोडे मोठे शंख शोधावे लागतात. जमिनीवरच्या शंखवासींचा याबाबतचा रिवाज अमेरिकी संशोधकांनी टिपून २०१० मध्ये प्रसिद्ध केला. किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख सापडला आणि तो पहिल्या येणाऱ्याला मोठा झाला, तर तो तिथेच थांबून राहतो. मग दुसरे येतात आणि आकारमानाप्रमाणे मोठ्यापासून छोट्यापर्यंत रांग लागते. नेमक्या मापाचा प्राणी आला आणि रिकाम्या शंखात शिरला की त्याने सोडलेल्या शंखात पुढचा, त्याच्या शंखात त्याच्या पुढचा, अशी सगळी रांग काही क्षणांत घरे बदलते.

या ओढीची दुसरी बाजू कोस्टा रिकामध्ये दिसली. डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की मेलेल्या शंखवासीच्या मांसाचा वास आला की बाकीचे तिथे धावतात. खाण्यासाठी नव्हे, एक मेला म्हणजे एक शंख रिकामा झाला असेल, या आशेने.

पेटीत शंख कमी पडले तर हीच ओढ भांडणात उतरते आणि एक दुसऱ्याला शंखातून उपसून काढतो. म्हणून प्रत्येक प्राण्यामागे निदान तीन ते पाच मोकळे शंख ठेवावेत, सध्याच्या शंखापेक्षा किंचित मोठे, वेगवेगळ्या तोंडांचे. ते उकळून, थंड करून ठेवायचे. रंगवलेले शंख कधीही नकोत. रंगाचे पापुद्रे निघतात, पोटात जातात आणि सुकलेला रंग आतल्या ओलाव्याने पुन्हा पाझरतो. शंख विकत घेतानाही जात विचारून घ्यावी. ट्रम्पेट ट्रायटन, हॉर्न्ड हेल्मेट अशा काही समुद्री गोगलगायी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांच्या शंखांचा व्यापार गुन्हा ठरतो.

वाळूखालचे महिने

नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक शंखवासी मरतात ते कात टाकण्याच्या काळात, आणि तेही मायेपोटी.

अंगावरचे कवच वाढत नसल्यामुळे तो ठरावीक काळाने ते पूर्ण उतरवतो. आधी काही दिवस तो खूप पाणी पितो, रंग फिका पडतो, डोळे धुरकट दिसतात, सतत खणत राहतो. मग वाळूत खोल जाऊन स्वतःपुरती पोकळी करतो आणि दिसेनासा होतो. लहान प्राणी काही आठवड्यांत वर येतो. मोठ्याला दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात. त्या अंधारात जुने कवच उतरते, आतून मऊ, पांढुरके अंग बाहेर पडते आणि उतरवलेले कवच तो स्वतःच खाऊन त्यातला चुना परत मिळवतो. तुटलेला पाय असेल तर तोही याच काळात पुन्हा फुटतो. १५ सेंटिमीटर वाळूचा आग्रह यासाठी असतो.

याच महिन्यांत घरातल्यांचा धीर सुटतो. ‘मेला की काय’ म्हणून कोणीतरी चमच्याने उकरून पाहते, पोकळी कोसळते आणि मऊ अंगाचा प्राणी खरोखर मरतो. कधी उलट होते. वाळूवर पडलेले पोकळ कवच पाहून तो गेला असे समजून सगळे फेकून दिले जाते आणि जिवंत प्राणीही त्यात जातो. खूण सोपी आहे: मेलेल्या शंखवासीला कुजक्या मासळीचा तीव्र, न चुकणारा वास येतो. वास नसेल तर हात लावायचा नाही. पाणी बदलत राहायचे, आर्द्रता पाहायची आणि वाट पाहायची. ज्या घरात ही वाट पाहण्याची तयारी नाही, तिथे हा प्राणी आणू नये.

तो हातात घेऊन खेळण्याचाही नाही. उचलावेच लागले तर शंखाच्या मागच्या बाजूने धरून सपाट तळव्यावर, पेटीच्या अगदी जवळ ठेवावे. पडण्याची भीती वाटली की तो चिमटा काढतो. त्याला वेदना कळतात का, या प्रश्नावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्रयोग झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शंखात सौम्य विजेचा झटका दिलेल्या शंखवासींपैकी, नावडत्या जातीच्या शंखात असलेल्यांनी तो लवकर सोडला. आवडत्या शंखातल्यांनी जास्त सोसले. केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाची आवड मध्ये आली नसती. अशा अभ्यासांचा आढावा घेऊन ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात दशपाद प्राण्यांना संवेदनक्षम जीव म्हणून स्थान दिले. आपल्याकडचा १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा तर माणसाखेरीज प्रत्येक सजीवाला प्राणी मानतो आणि ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्यावर त्याची काळजी घेण्याची जबाबदारी टाकतो. शंखवासी त्यातून वगळलेला नाही.

तो येतो कुठून

नाशिक परिसरातल्या ओढ्यांमध्ये पावसाळ्यात गोड्या पाण्यातले खेकडे सापडतात. मादी उलटी केली तर पोटाच्या झडपेखाली इवली इवली पिल्ले चिकटलेली दिसतात. अंड्यातून थेट खेकडाच निघतो, त्याला समुद्र लागत नाही. शंखवासीचे तसे नाही. जमिनीवरची मादी अंडी शंखात जपते आणि ती फुटण्याच्या वेळी समुद्राकडे जाते. अळ्या कित्येक आठवडे समुद्रात तरंगत, रूपे बदलत वाढतात. मग मिरीएवढा जीव तळाशी येतो, इवलासा शंख शोधतो आणि किनाऱ्यावर चढतो. पेटीत हे जमवणे अतिशय अवघड आहे. अमेरिकेत काही हौशी अभ्यासकांनी अलीकडे ते थोड्या प्रमाणात साधले आहे, पण बाजारात येणारे जवळजवळ सगळे शंखवासी किनाऱ्यावरून उचललेलेच असतात. जपानने तर सीनोबिटा प्रजातीच्या तिथल्या सर्व जातींना १९७० मध्ये नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला.

त्यांचे आयुष्यही लहान नाही. मोकळ्या किनाऱ्यावर ते ३० वर्षे जगू शकतात. अमेरिकेत १९७६ मध्ये घरी आणलेला एक शंखवासी चाळीस वर्षांहून अधिक काळ जगल्याची नोंद आहे. दुकानातून नेलेले बहुतेक मात्र वर्षही काढत नाहीत. कोरडी हवा, उथळ वाळू, क्लोरीनचे पाणी आणि उकरून पाहण्याची घाई ही त्याची साधी, टाळता येण्याजोगी कारणे आहेत.

म्हणून नवशिक्यासाठी पहिला सल्ला असा: शंखवासी विकत घेऊ नका, किनाऱ्यावरून आणू नका. घाटावरच्या कोरड्या हवेत पेटीभर किनारा वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते केल्यानंतरही त्या प्राण्याला पिल्ले होणार नाहीत. भेट म्हणून आला असेल, कोणी पाळून कंटाळला असेल, तर मात्र वर सांगितलेली पेटी त्याच आठवड्यात तयार करा. तो एकटा असेल तर जास्तीची मागणी उभी करून दुसरा विकत घेण्यापेक्षा, ज्याच्याकडे आधीच शंखवासी आहेत अशा जाणकार पालकाकडे त्याला देता येईल का ते पाहा. आणि कंटाळा आला म्हणून त्याला गोदावरीत किंवा कोणत्याही किनाऱ्यावर सोडू नका. नदीच्या गोड्या पाण्यात तो बुडून मरेल आणि परक्या किनाऱ्यावर तो रोग घेऊन जाऊ शकतो.

समुद्री शंखवासी पाहायचा तर तो किनाऱ्यावरच पाहावा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटीला पाणी सर्वांत दूर जाते आणि खडकांमधली डबकी उघडी पडतात. डबक्याशेजारी पाच मिनिटे न हलता बसले की शंख एकेक करून चालू लागतात. मुलांना हातात घेऊन पाहायचा असेल तर पाण्यात भिजवलेल्या तळव्यावर क्षणभर घ्यावा आणि उचलला त्याच डबक्यात परत ठेवावा. रिकामे शंखही तिथेच राहू द्यावेत, कारण कोणाचे तरी पुढचे घर त्यांतच आहे. शंख मिळाले नाहीत तर हे प्राणी काय करतात, तेही आता दिसू लागले आहे. पोलंडच्या संशोधकांनी २०२४ मध्ये इंटरनेटवरची छायाचित्रे तपासली तेव्हा जमिनीवरच्या १६ पैकी १० जातींचे शंखवासी बाटल्यांची बुचे आणि तत्सम कचरा पाठीवर घेऊन फिरताना आढळले.

बाटल्यांचा धोका तर त्याहून मोठा आहे. हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर आणि प्रशांत महासागरातल्या हेंडरसन बेटावर शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरच्या कचऱ्याची मोजदाद केली. आडव्या पडलेल्या बाटलीत शंखवासी शिरतो, गुळगुळीत प्लास्टिकवरून त्याला बाहेर चढता येत नाही आणि तो आत मरतो. त्याच्या वासाने शंख मिळेल म्हणून दुसरा येतो, मग तिसरा. एकाच डब्यात ५२६ शंखवासी मेलेले सापडले. दोन्ही ठिकाणी मिळून असे सुमारे ५ लाख ७० हजार प्राणी अडकून मेल्याचा त्यांचा अंदाज आहे.

पुढच्या सुट्टीत डहाणू किंवा बोर्डीहून परतताना गाडीत प्लास्टिकच्या बाटल्या जरूर असू द्या. मुलांनी किनाऱ्यावरून वेचलेल्या, आणि रिकाम्या.